जुन्या नंबर प्लेटा जमवायच्या आहेत? नागपुरात सुरुवात करणाऱ्यांसाठी सगळं एका जागी

एचएसआरपीची, म्हणजे सरकारने सक्तीच्या केलेल्या नव्या हाय सिक्युरिटी नंबर प्लेटची, मुदत वाढता वाढता शेवटी माझ्या सासऱ्यांनीही आपल्या चेतकला नवी प्लेट लावून घेतली. फिटिंगवाल्या पोराने जुनी प्लेट दोन पान्यांत काढली आणि मागच्या पोत्यात फेकली. मी पोत्यात डोकावलो तर आत ५०-६० प्लेटा, काही हाताने रंगवलेल्या, एकीवर तर कोपऱ्यात पेंटरची सही.

"काय पाहून राहिले काका?"
"ह्या प्लेटांचं काय करता रे?"
"काय करणार, कबाडीत जाते. किलोनं."

तेव्हा ठरवलं की जे मला सहा वर्षांत कळलं ते एकदा नीट लिहून काढू, कारण सध्या जितका माल कबाडीत चाललाय तितका परत कधी निघणार नाही, आणि नवीन लोकं उत्साहाने सुरू करतात अन पहिल्या महिन्यातच पैसे घालवून बसतात. मीही बसलो होतो, फक्त जरा उशिरा. कसा, ते खाली येईलच.

१. आधी हे समजून घ्या: नंबर तुमचा होत नाही

दुबईत २०२३ मध्ये पी ७ हा नंबर साडेपाच कोटी दिरहमला गेला ही बातमी सगळ्यांनी वाचली असते, आणि आपल्याकडे ०००१ साठी आरटीओत लाखांत फी भरावी लागते हेही माहीत असतं. त्यावरून लोकांचा समज होतो की आपल्याजवळच्या जुन्या ७७७७ च्या पत्र्यालाही असाच भाव येईल. नाही येणार. ते पैसे नंबर वापरायच्या हक्काचे असतात, पत्र्याचे नाही. जुनी प्लेट घेतली म्हणजे तुम्ही पत्रा, रंग आणि त्यामागची हकीकत घेतली, नंबर काही तुमच्या नावावर होत नाही, गाडी मोडीत गेली असली तरी.

दुसरं म्हणजे परदेशातली पुस्तकं पाहून इथे भाव लावू नका. अमेरिकेत प्लेट राज्य सरकारच बनवून देतं. मॅसॅच्युसेट्सने १९०३ पासून सुरू केलं, तेही लोखंडावर निळी तामचिनी, म्हणजे इनॅमल, चढवून. त्यामुळे तिथे कोणत्या वर्षी कोणता रंग, कोणता शिक्का, सगळं ठरलेलं असतं आणि त्यावर याद्या निघतात, १९५४ पासून तिथे प्लेटा जमवणाऱ्यांची मोठी संघटनाही आहे. (दुसऱ्या महायुद्धात लोखंड वाचवायला इलिनॉय राज्याने सोयाबीनपासूनच्या पुठ्ठ्याच्या प्लेटा काढल्या होत्या आणि जनावरं त्या खायची असं सांगतात. सोयाबीनच्या पट्ट्यातल्या आपल्या लोकांना हे ऐकून बरं वाटायला हरकत नाही.) आपल्या महाराष्ट्रात २०१९ च्या आधी सरकार फक्त नंबर द्यायचं, प्लेट करून घ्यायची ती चौकातल्या पेंटरकडून. म्हणजे एकाच सिरीजच्या दोन प्लेटा सारख्या निघत नाहीत. भाव ठरतो तो हाताच्या कामावर, धातूवर आणि ती कुठून आली यावर.

२. काय काय सापडतं

लोखंडी पत्र्यावर ऑइल पेंटने लिहिलेली, ही सगळ्यात जास्त आणि मला सगळ्यात आवडती. मग ॲल्युमिनियमची, ठोकून उठवलेल्या अक्षरांची. काळ्या पत्र्यावर सुटी अक्षरं स्क्रूने किंवा रिव्हेटने बसवलेली, ही जुन्या फियाट-अँबेसेडरला दिसायची. त्यानंतर ॲक्रिलिक, आणि शेवटी रेडियम, ज्याने पेंटर लोकांचा धंदा बसवला. तामचिनीची गाडीची प्लेट आपल्याकडे फार कमी, कोणी दाखवली तर आधी संशय घ्या.

एक वेगळा कप्पा फॅन्सी प्लेटांचा, म्हणजे आकडे वळवून शब्द केलेल्या. ४१४१ चा दादा, २१४ चा राम, ४९१२ चा पवार. नियमाप्रमाणे अक्षरं रोमन आणि आकडे साधे इंग्रजी लागतात, त्यामुळे ह्या सगळ्या तेव्हाही बेकायदेशीरच होत्या आणि लोकांनी दंडही भरला, पण म्हणूनच मी त्या जमवतो. ही आपली लोककला आहे, अजून वीस वर्षांनी कोणाला विश्वास बसणार नाही की माणसं असं करत होती.

आणि सायकलचे बिल्ले विसरू नका. पूर्वी नगरपालिका सायकलवर कर घ्यायची आणि पितळेचा किंवा ॲल्युमिनियमचा बिल्ला द्यायची, सायकल रिक्षा-टांग्यालाही नंबरचा पत्रा असायचा. हा माल सरकारी हातचा, त्यावर बहुतेक वेळा वर्ष असतं, लहान असतो, ठेवायला सोपा. ज्याच्याकडे जागा आणि पैसे दोन्ही कमी त्याने बिल्ल्यांपासूनच सुरुवात करावी. नागपूरच्या बिल्ल्यावर नगरपालिका लिहिलंय की महानगरपालिका ते बघा, आपली नगरपालिका १८६४ ची आणि महानगरपालिका झाली १९५१ मध्ये, म्हणजे नुसत्या शब्दावरूनही काळ कळतो.

३. वय कसं काढायचं

इथे नागपूरकरांना मजा आहे कारण आपलं शहर एका जागी बसून राज्यं बदलत राहिलं.

सीपी ने सुरू होणारी प्लेट म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, मध्य प्रांत, तेव्हा नागपूर राजधानी. १९५० मध्ये त्याचं नाव मध्य प्रदेश झालं आणि १९५६ पर्यंत राजधानी नागपूरच होती, त्यामुळे जुन्या प्लेटवर एमपी दिसलं की भोपाळ-जबलपूरची म्हणून बाजूला टाकू नका, आधी कागद विचारा. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला, तिथली अक्षरं बी ने सुरू व्हायची. १ मे १९६० नंतर महाराष्ट्र, आणि मग एम ने सुरू होणारी तीन अक्षरं आणि पुढे जास्तीत जास्त चार आकडे. घरातल्या जुन्या फोटोत आजोबांच्या स्कूटरवर जो नंबर दिसतो तो हाच. १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि तिथून आजची पद्धत सुरू झाली, एमएच आणि ऑफिसचा आकडा. नागपूर शहर ३१, ग्रामीण ४०, पूर्व नागपूर ४९. आजूबाजूचे पण पाठ करून टाका, अमरावती २७, यवतमाळ २९, अकोला ३०, वर्धा ३२, गडचिरोली ३३, चंद्रपूर ३४, गोंदिया ३५, भंडारा ३६.

आता सगळ्यात मोठा घोळ. नंबरचं वय आणि प्लेटचं वय एक नसतं. १९७२ ची स्कूटर असेल, नंबर तीन अक्षरी असेल, पण प्लेट मालकाने दहा वेळा रंगवून घेतलेली असते. रंगावरून पकडता येतं. खाजगी गाडीची प्लेट पूर्वी काळी आणि अक्षरं पांढरी असायची, २००१-०२ च्या सुमारास ते उलटं होऊन पांढऱ्यावर काळी अक्षरं आली. म्हणजे तीन अक्षरी जुना नंबर पांढऱ्या प्लेटवर काळ्याने लिहिलेला दिसला तर नंबर साठीतला असेल पण प्लेट २००० नंतरची. विकणारा सांगेल "पन्नास वर्षं जुनी आहे", आणि तो खोटंही बोलत नसेल, त्याला नंबरच माहीत असतो.

अजून एक, काळ्या प्लेटवर *पिवळी* अक्षरं म्हणजे जुनी नाही, ती स्वतः चालवायला भाड्याने मिळणाऱ्या गाडीची. पिवळ्यावर लाल अक्षरं तात्पुरत्या नंबरची, लालवर पांढरी शोरूमच्या ट्रेड नंबरची. फिकट निळी वकिलातीची. हिरवी इलेक्ट्रिकची, ती तर २०१८ नंतरची आहे.

४. सोबत काय ठेवायचं

- लोहचुंबक, पत्रा लोखंडी आहे का ते बघायला (फ्रिजवरचं स्टिकरवालं चालत नाही, स्पीकरमधलं काढा)
- १० पटीचं भिंग
- छोटी टॉर्च, मोबाइलचीही चालते
- मोजपट्टी
- मऊ ब्रश, कापसाच्या काड्या, सुती कापड
- जुनी वर्तमानपत्रं गुंडाळायला (फक्त आणण्यापुरती, घरी आल्यावर काढून टाका, शाई लागते)
- पावतीपुस्तक आणि पेन
- एक वही, हिच्याबद्दल पुढे

मोजपट्टी कशाला, तर आता आकार ठरलेले आहेत. दुचाकीची मागची २०० बाय १०० मिलिमीटर, पुढची २८५ बाय ४५, कारची ५०० बाय १२० किंवा ३४० बाय २००. जुनी प्लेट यात तंतोतंत बसेलच असं नाही, पण "पन्नास सालची आहे" म्हणून दिलेली प्लेट बरोब्बर ५०० बाय १२० निघाली तर माझे कान टवकारतात.

५. कुठे शोधायचं

पहिली जागा तुमचं स्वतःचं घर. गच्चीवरची खोली, गोठ्याचं दार, कूलरच्या स्टँडखाली लावलेला पत्रा. आमच्या मावशीकडे रामटेकला कोंबड्यांच्या खुराड्याला दार म्हणून मेटाडोरची प्लेट होती, पंचवीस वर्षं कोणी पाहिलं नाही.

मग पेंटर. महाल, इतवारी, सक्करदरा इकडे अजून जुने हात आहेत. नुसतं "जुन्या प्लेटा आहेत का" विचारू नका, "नाही" म्हणतील. चहा पाजा, त्यांचं काम बघा, दुकानाची एखादी छोटी पाटी रंगवून घ्या. महालातल्या एका काकांकडे मी असाच तीनदा गेलो, तिसऱ्यांदा त्यांनी माझ्या हातातली प्लेट घेतली, चष्मा वर सारला आणि म्हणाले, "हा तीन पाह्य, याचं पोट पाह्य कसं खाली लोंबून राहिलं. हा माहा हात नोहे. हा आमच्या उस्तादचा." मग पोटमाळ्यावरून नमुन्याचे पत्रे काढले, एबीसीडी आणि शून्य ते नऊ, गिऱ्हाइकाला दाखवायला रंगवून ठेवलेले. विकले नाहीत मला, फोटो काढू दिले. ते फोटो मला पन्नास प्लेटांपेक्षा जास्त कामी आले कारण आता मी हात ओळखू शकतो.

शनिवारीच्या बाजारात सकाळी लवकर जा, ऊन चढल्यावर सगळा चांगला माल उचललेला असतो. वाडीकडची ट्रकची गॅरेजं बघा, तिथे लाकडी फळीवर रंगवलेले नंबर मिळतात. कामठी रोडचे कबाडी वजनाने देतात, तिथे घासाघीस करू नका, तो किलोचा भाव सांगेल तोच द्या आणि वर वीस रुपये, पुढच्या वेळी तो तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवेल.

एचएसआरपी बसवणाऱ्या सेंटरवर सध्या खरा साठा आहे. पण पोत्यातून परस्पर उचलू नका, मालक समोर उभा असतो तेव्हाच त्याला विचारा. दहातले आठ लोक फुकट देतात. एक म्हणतो "कायले पाह्यजे?" आणि मग स्वतःच घरी घेऊन जातो. चालतं, त्याच्या घरी राहिली तरी वाचली.

६. काय घ्यायचं नाही

वर टोक केलेला बाण असलेली प्लेट. हा बाण सैन्याच्या गाड्यांवर असतो, बाण, मग वर्षाचे दोन आकडे, मग बाकीचं. कामठीला छावणी असल्यामुळे आपल्याकडे असा पत्रा फिरत येतो आणि नवीन माणूस हुरळून जातो. कितीही सुंदर असो, घेऊ नका. पोलिसाला तुम्ही छंद समजावत बसाल आणि तो ऐकून घेईल याची खात्री नाही. पोलीस, शासकीय, आमदार-खासदार असं लिहिलेल्या पट्ट्याही नको.

एचएसआरपी पण नको. तिच्यावर क्रोमियमचं चक्र, लेझरने कोरलेला नंबर, एकदा लावली की न निघणारं लॉक हे सगळं मुळात ती दुसरीकडे जाऊ नये म्हणूनच केलंय. सुटी एचएसआरपी कोणी विकत असेल तर ती कुठून आली हा प्रश्न तुम्हाला पडलाच पाहिजे.

आणि चालू गाडीच्या प्लेटा नको. नंबर सरकारच्या एम-परिवहन ॲपवर टाकून बघा, गाडीचं मॉडेल आणि नोंदणी चालू आहे का ते दिसतं. तीन अक्षरी जुने नंबर बरेचदा तिथे सापडत नाहीत कारण ते आरटीओच्या हाताने लिहिलेल्या रजिस्टरात राहिले, त्यामुळे "सापडलं नाही" म्हणजे खोटी असंही धरू नका.

७. कागद

मला सुरुवातीला हे सगळं फालतू वाटायचं. मग एकदा सीताबर्डीच्या पुलाखाली गाडी तपासताना डिक्कीत चौदा प्लेटा निघाल्या. चौदा वेगवेगळ्या नंबरच्या. हवालदारसाहेबांचा चेहरा बघण्यासारखा होता, आणि माझाही असेल. दीड तास गेला. वही होती म्हणून सुटलो, त्यात प्रत्येक प्लेटसमोर तारीख, कोणाकडून, किती रुपये, सही असं लिहिलं होतं.

तर प्रत्येक प्लेटसोबत जमेल तितकं हे ठेवा:

- साधी पावती, तारीख आणि देणाऱ्याच्या सहीसह, फुकट दिली असेल तरी
- गाडी मोडीत गेली असेल तर स्क्रॅपिंग सर्टिफिकेटची झेरॉक्स (गाडी कायमची निकामी झाली की मालकाने १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसी जमा करायची असते, कलम ५५, पण जुन्या गाड्यांच्या बाबतीत हे कोणी केलेलं नसतं)
- आरसी बुकाची झेरॉक्स, जुनं कागदी पुस्तक असेल तर सोन्याहून पिवळं
- टॅक्स टोकन, विम्याचा जुना कागद
- गाडीवर प्लेट लागलेली असतानाचा फोटो. लग्नाच्या अल्बममध्ये हमखास सापडतो, नवरदेव स्कूटरला टेकून उभा असतो

शेवटचा फोटो सगळ्यात किमती. त्याने नंबर, गाडी आणि प्लेटवरचा हात तिन्ही एका ठिकाणी पक्के होतात.

८. खोट कशी ओळखायची

आता माझी फजिती. दुसऱ्याच वर्षी मला एकाने सीपीची तामचिनीची प्लेट दाखवली, काळी, पांढरी अक्षरं, कडा जरा उडालेल्या, गंज अगदी पाहिजे तिथे. ४,५०० रुपये. मी न भांडता दिले, वर त्याला पोहे खाऊ घातले, तर्री जास्त घेऊन. रात्री घरी टॉर्च आडवी धरून पाहिलं तर प्रकाश सरळ सपाट पळाला. खऱ्या तामचिनीत अक्षराच्या कडेला बारीक उंचवटा लागतो कारण तो काचेचा थर भट्टीत वेगळा चढवलेला असतो. इथे काहीच नाही. कोपरा नखाने खरवडला तर रंग सालपटासारखा निघाला, तामचिनी निघत नाही, ती टवका होऊन उडते. खाली चकचकीत जस्ताचा नवा पत्रा.

त्या साडेचार हजारांत जे शिकलो ते फुकट घ्या:

भोकं आधी बघा. खरी प्लेट वर्षानुवर्षं बोल्टवर थरथरलेली असते, भोक जरा लांबट होतं, वॉशरच्या जागी गोल खूण पडते, तिथला रंग बाकीपेक्षा ताजा असतो कारण तो झाकलेला होता. खोट्या प्लेटचं भोक गोल आणि आतून चकचकीत.

पाठ बघा. पुढून म्हातारी आणि मागून तरुण असं नसतं. मागे चिखल, ऑइलचा थर, कधी दुसऱ्याच दुकानाच्या पाटीची अर्धी अक्षरं, कारण पेंटर जुने पत्रे कापून वापरायचे.

गंज बघा. मीठ किंवा ॲसिड टाकून आणलेला गंज एकसारखा नारिंगी, बोटाला पावडर लागते. जुना गंज काळपट तपकिरी, चिवट, आणि तो कडा, भोकं, खालची बाजू इथून सुरू होतो जिथे पाणी थांबतं.

अक्षरं बघा. हाताने लिहिलेले दोन पाच कधी सारखे नसतात. भिंगातून ब्रशची सुरुवात आणि शेवट दिसतो, खडूच्या दोरीची किंवा पेन्सिलची रेघ दिसते. दोन आकडे हुबेहूब सारखे असतील तर ते कॉम्प्युटरवर कापलेलं स्टेन्सिल.

टवका बघा. हा माझा लाडका भाग. सासऱ्यांच्या चेतकच्या प्लेटचा एक कोपरा उडालेला आहे, तिथे भिंगातून पाहिलं तर वरून खाली पांढरं रेडियम, त्याखाली पांढरा रंग, त्याखाली काळा, मग अजून एक काळा जरा निळसर झाक असलेला, मग लाल प्रायमर, मग पत्रा. तिकडे काळ्याचा पांढरा झाला तो नियम बदलल्यावर. असा थर कोणी खोटा करत बसत नाही.

९. किंमत कशी लावायची

ठरलेला भाव नाही, आणि ज्याच्याकडे आहे म्हणतो त्याच्यापासून लांब राहा. मी स्वतःला काही प्रश्न विचारतो. पहिला, हा पत्रा उद्या कबाडीत टाकला तर किती येतील? तो झाला तळ, बहुतेक प्लेटांची किंमत तिथेच राहते आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. मग वर चढायला कारणं शोधतो: मूळ रंग आहे का, पुढची-मागची जोडी आहे का (जोडी असली तर मी दुप्पट नाही, तिप्पटपर्यंत जातो, कारण पुढची पट्टी नेहमी हरवते), पेंटरची सही आहे का, कागद किंवा फोटो आहे का, नागपूरचीच आहे का. राज्य बदलून बंद पडलेल्या सिरीजची असेल, म्हणजे १९५६-६० ची बी वाली किंवा त्याआधीची, तर अजून वर. उलट भाव खाली ओढणाऱ्या गोष्टी म्हणजे वरून मारलेला ताजा रंग, वाकवून सरळ केलेला पत्रा, घासून चकचकीत केलेली पितळी अक्षरं.

माझ्याजवळची सगळ्यात महाग प्लेट १,८०० ची, लॅम्ब्रेटाची जोडी, फोटो आणि आरसी बुकासह. सगळ्यात आवडती ३० रुपयांची.

पण खरा जास्त पैसे देणारा गिऱ्हाईक एकच असतो, त्याच नंबरची गाडी ज्याच्या अंगणात उभी आहे तो. हल्ली लोक जुन्या गाड्या पुन्हा उभ्या करतात. २०२१ च्या नियमांत पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात ठेवलेल्या दुचाकी-चारचाकीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, पहिल्यांदा नोंदवताना फी २०,०००, नूतनीकरणाला ५,०००, दहा वर्षांसाठी, आणि आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, नव्याने नोंदली तर राज्याच्या अक्षरांपुढे व्हीए येतं. असा मालक तुमच्याकडे आला तर त्याला नाडू नका. मी एका यझदीवाल्याला त्याची प्लेट घेतलेल्या भावात दिली, त्याने बदल्यात त्याच्या काकांच्या तीन प्लेटा आणून दिल्या.

परदेशातून भाच्याने आणलेली टेक्सास-कॅलिफोर्नियाची प्लेट भिंतीवर छान दिसते पण तिकडे ती लाखांनी छापलेली असते, तिच्यासाठी इथे हजारो रुपये देऊ नका. उलट तुमची एखादी खरोखर शंभर वर्षांची वस्तू निघाली तर ती बाहेरदेशी पाठवायचा विचारही करू नका, १९७२ च्या पुरातन वस्तू कायद्याखाली शंभरी पार केलेल्या वस्तू येऊ शकतात आणि त्या देशाबाहेर नेता येत नाहीत.

१०. साफ करणं, म्हणजे शक्यतो न करणं

मामाच्या राजदूतची प्लेट ही माझी पहिली. मी तिला चिंच आणि भांडे घासायची पावडर लावून तारेच्या घासणीने अर्धा तास घासलं. मामी म्हणाली, "वा, नवी दिसते." नवीच दिसत होती. खालच्या कोपऱ्यातली पेंटरची सही गेली, वर्षही लिहिलं होतं बहुतेक, आता फक्त एक करडा डाग आहे. ती प्लेट मी कपाटाच्या आतल्या बाजूला लावली आहे, कोणताही नवीन पत्रा घासायला हात शिवशिवला की कपाट उघडतो.

रंगवलेला पत्रा: आधी कोरडा मऊ ब्रश. मग कापसाची काडी पाण्यात बुडवून, पिळून, मागच्या कोपऱ्यावर करून बघा, रंग काडीवर आला तर थांबा. थिनर, रॉकेल, पेट्रोल नाही. ॲल्युमिनियम आणि तामचिनी साध्या साबणाच्या पाण्याने चालते, लगेच पुसून पंख्याखाली वाळवा. गंज खरवडू नका, वरून मेणाच्या पॉलिशचा पातळ हात द्या, पुढे पसरत नाही. रेडियम सोलू नका, त्याखाली जुना हात असतो आणि तो रेडियमसोबत निघून येतो. फार मोह झाला तर आधी फोटो काढा आणि मग पण सोलू नका.

११. नागपुरात ठेवायचं कसं

पुस्तकांत लिहितात कोरड्या थंड जागी ठेवा. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीला थंड जागा कुठून आणायची, आणि थंड करायला कूलर लावला की कोरडी राहत नाही. माझ्या पहिल्या बारा प्लेटा हॉलमध्ये कूलरच्या समोरच्या भिंतीवर होत्या, पाहुण्यांना दिसाव्या म्हणून. जूनपर्यंत खालच्या ओळीतल्या चारांवर नवा गंज. कूलरची हवा म्हणजे वाळ्याच्या वासाचं पाणीच ते.

तर कूलरच्या झोतापासून लांब, पश्चिमेच्या भिंतीवर नाही (ती संध्याकाळी तव्यासारखी तापते, रेडियम आणि ॲक्रिलिक वाकतात), आणि भिंतीला चिकटवून नाही, मागे बोटभर लाकडी पट्टी द्या. जुन्याच भोकातून टांगा, नवीन भोक पाडू नका. बाकीच्या कपाटात उभ्या ठेवा, मध्ये सुती कापड, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून नाही. पावसाळ्यात बुटाच्या डब्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या टाका, दर पंधरा दिवसांनी बघा.

फोटो टाकताना मालकाचं नाव, पत्ता असलेला कागद झाका, आणि नंबर अजून चालू असेल तर तोही. आणि जमवलेली प्लेट गंमत म्हणूनसुद्धा स्वतःच्या गाडीला लावून चौकापर्यंत जाऊ नका. प्रदर्शनात गाडी उभी असताना समोर टेकवली तर ठीक, परत निघताना काढून घ्या आणि डिक्कीत वहीसोबत ठेवा.